माफी मिळाली, मग पेन्सिल?

कन्फेशन म्हटलं की बहुतेकांना हिंदी सिनेमा आठवतो. अंधारलेलं चर्च, लाकडी जाळी, पलीकडे पांढऱ्या झग्यातले फादर आणि सगळं बोलून मोकळा झालेला नायक. 'तुमच्यात बरं आहे, फादरना सांगितलं की सुटलात,' असं मला शेजारपाजारच्या बायका नेहमी म्हणतात. वसईत रविवारची मिस्सा झाल्यावर मी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. पहिल्या कम्युनियनच्या आधी प्रत्येक मुलाचं पहिलं कन्फेशन व्हावं लागतं, त्याची तयारी माझ्याकडे असते. म्हणून सांगते, तसं सुटता येत नाही.

नेमका प्रश्न मुलंच विचारतात. "टीचर, मी तिची पेन्सिल घेतली. फादरना सांगितल्यावर ती परत द्यायची का?"

द्यायचीच. आधी स्वतःच्या मनाची तपासणी, मग पश्चात्ताप, पुन्हा तसं न वागण्याचा निश्चय आणि त्यानंतर कबुली. फादर पापक्षमेचे शब्द उच्चारतात आणि प्रायश्चित्त सांगतात. मुलांना एखादी प्रार्थना म्हणायला सांगतात. मोठ्यांना मात्र कधी कधी 'भावाच्या घरी जाऊन या' असंही सांगतात, आणि बांधावरून बोलणं तुटलेल्या घरांत तेवढं एक वाक्य पेलताना माणूस रडकुंडीला येतो. चोरलेलं परत करणं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरणं, ही जबाबदारी पापक्षमेनंतरही उरतेच. चर्चची ही जुनी शिकवण आहे आणि तीच लोकांपर्यंत सर्वांत कमी पोचली आहे.

पहिल्या काही शतकांत तर हे फारच कडक होतं. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांसाठी सर्वांसमक्ष दीर्घ प्रायश्चित्त घ्यावं लागे आणि ही संधी सहसा आयुष्यात एकदाच मिळे. खाजगीत, पुन्हा पुन्हा कबुली देण्याची रीत सहाव्या-सातव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी युरोपात रुजवली. १२१५च्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा तरी कन्फेशन बंधनकारक केलं. जाळीचं लाकडी कपाट त्याच्या पुष्कळ नंतरचं. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी सोळाव्या शतकात त्याचा आग्रह धरला. १९७३च्या नव्या विधीनुसार समोरासमोर बसूनही बोलता येतं. मुलांना ते सोपं जातं, वयस्कर बायका मात्र जाळीपाशीच गुडघे टेकतात.

तिथे बोललेलं तिथेच राहतं. जीव गेला तरी फादर ते कुणाला सांगू शकत नाहीत. जाणूनबुजून सांगितलं, तर त्या क्षणीच ते बहिष्कृत ठरतात.

कॅथलिकांचे संस्कार सात: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन), प्रायश्चित्त (म्हणजे हेच कन्फेशन), रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. गंभीर पाप मनात ठेवून ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असा नियम आहे, म्हणून ईस्टरच्या आधी कन्फेशनला रांगा लागतात. नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार मानतात. तिथे कबुली थेट देवाजवळ, उपासनेत सगळ्यांनी मिळून. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तरीही आपलं पाप आपल्याच तोंडून दुसऱ्या माणसाला सांगणं आणि 'क्षमा झाली' हे कानांनी ऐकणं, यात जो आधार आहे तो मला दुसरीकडे सापडलेला नाही.

क्षमा करणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, हे मुलांना सांगताना मी सिस्टर राणी मारियांचं नाव घेते. केरळच्या या जोगिणीनं मध्य प्रदेशात गरीब आदिवासींना सावकारांविरुद्ध उभं केलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समंदर सिंग या तरुणानं त्यांना बसप्रवासात भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. राणी मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली.

समंदर सिंग ख्रिस्ती नव्हता. त्यानं कुठल्या जाळीपाशी गुडघे टेकले नाहीत. पण सुटून आल्यावर तो केरळला त्यांच्या घरी गेला, ज्यांची मुलगी आपण मारली त्या आईबापांसमोर उभा राहिला, आणि त्यांनी त्याला घरात घेतलं.