चक्रपाणी : नाथांचे आजोबा

संत एकनाथांना लहानाचे मोठे केले ते त्यांच्या आजोबांनी. पैठणच्या या गृहस्थाचे नाव चक्रपाणी. त्यांचे वडील संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणण्याचे श्रेय वारकरी परंपरा भानुदासांना देते. भानुदासांचे अभंग गायले जातात, नाथांचे भागवत घरोघरी वाचले जाते. या दोघांच्या मधल्या चक्रपाणींची ओळख मात्र आजोबा एवढीच उरली आहे. तीही बरीचशी अठराव्या शतकातल्या महिपतींच्या चरित्रलेखनामुळे. नाथांनंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिलेल्या या कथांत इतिहास आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेले आहेत, हे धरूनच त्या वाचाव्या लागतात.

एकनाथांचा जन्म १५३३च्या सुमारास झाला. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही लवकर गेले. उतारवयात मुलगा आणि सून गमावलेल्या चक्रपाणींनी आपल्या पत्नीसह नातवाला सांभाळले, त्याची मुंज केली, शिकवायला पंडित ठेवला. घरात विठ्ठलाची उपासना भानुदासांपासून चालत आलेली. मधली पिढी अकाली गेल्यावरही ती तुटली नाही, याचे श्रेय या दांपत्याला द्यायला हवे.

पुढे गुरूच्या ओढीने एकनाथ कोणालाही न सांगता घरातून निघाले आणि देवगिरीला जनार्दनस्वामींकडे पोहोचले. तेव्हा ते जेमतेम बारा वर्षांचे होते, असे परंपरा मानते. तिकडे शिष्य हिशेबातल्या एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवीत होता, ही कथा सर्वांना पाठ असते. पैठणला दोन म्हातारी माणसे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, ही त्याच कथेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पत्ता लागल्यावर चक्रपाणी देवगिरीला गेले. एकनाथ तोवर तीर्थयात्रेला निघून गेले होते. आजोबांनी जनार्दनस्वामींकडून नातवाच्या नावे एक पत्र मागून घेतले : पैठणलाच राहावे, लग्न करून संसार करावा. यात्रा आटोपून एकनाथ गावी आले तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना गाठले आणि ते पत्र हातात ठेवले. गुरूची आज्ञा वाचून एकनाथ जिथे होते तिथेच थांबले, असे आख्यान सांगते.

नातवाच्या भक्तीला चक्रपाणींनी कधी विरोध केला नाही. गुरूच्याच शब्दाने त्याला घरी आणले, एवढे मोठे शहाणपण त्यांच्यापाशी होते. वैजापूरच्या गिरिजाबाईंशी लग्न झाले. प्रपंचात राहून परमार्थ करणारे म्हणून नाथ ओळखले जातात; त्या संसाराच्या पायाशी आजोबांचा हा खटाटोप आहे. नाथांची मुलगी पुढे कवी मुक्तेश्वरांची आई झाली, म्हणजे नाथ स्वतःही एका कवीचे आजोबा ठरले.

श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांचे नाव घेऊन पिंड देतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप मानले जातात. नाथांच्या घरी ही तीन नावे सूर्यनारायण, चक्रपाणी आणि भानुदास. त्यांच्या श्राद्धाची कथा महाराष्ट्रात आजही कीर्तनातून सांगितली जाते. स्वयंपाकाचा वास दारावरून जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या माणसांना आला. नाथ आणि गिरिजाबाईंनी ब्राह्मणांसाठी केलेले ते अन्न त्यांनाच वाढले. घर सारवून पुन्हा स्वयंपाक केला, पण संतापलेले ब्राह्मण जेवायला आले नाहीत. तेव्हा नाथांनी पाने मांडून पितरांनाच बोलावले आणि ते प्रत्यक्ष येऊन जेवले, असे ही कथा सांगते. भुकेल्याला आधी वाढणाऱ्या नातवाच्या पंक्तीला चक्रपाणी आपल्या वडिलांसोबत आणि मुलासोबत बसतात, ते याच कथेत.