कार्ल्याच्या पायऱ्या आणि चाळिशी

पावसाळी धुकं नसेल, तर कार्ल्याच्या लेण्यांपासून समोरचे लोहगड-विसापूर स्वच्छ दिसतात. पण तिथेच हातातलं तिकीट वाचताना पन्नाशीचा माणूस हात लांब करतो. नजर गेली, असं त्याला वाटतं. मी डोळ्यांचा डॉक्टर; मी सांगतो, नजर शाबूत आहे, डोळ्यातलं भिंग ताठर झालंय. तरुणपणी जवळचं पाहताना ते फुगतं. वयानुसार ही लवचीकता कमी होते; चाळिशीनंतर ते जाणवतं. म्हणून तर आपण त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतो!

चष्म्यानं नंबर वाढतो, हा गैरसमज. तो वयानं वाढतो आणि साठीच्या सुमारास बहुधा स्थिरावतो. व्यायामानं भिंग पुन्हा मऊ होत नाही.

एकवीरा आईच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी मात्र बायफोकल जपून वापरावा. त्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. उतरताना नजर त्यातूनच जाते. चार-पाच फुटांवरची पायरी पुसट होते, पाऊल चुकतं. प्रोग्रेसिव्ह काचांचंही तेच. मान वाकवून वरच्या भागातून पाहा, किंवा चालण्यासाठी फक्त लांबचा चष्मा ठेवा. लांबचा नंबरच नसेल, तर चाळिशी सरळ खिशात!

रस्त्यावरच्या तयार चष्म्यानं वाचता येतं, हे खरं. पण त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबराच्या असतात, आणि विकणारा डोळ्याचा दाब तपासत नाही. काचबिंदू बहुधा दुखत नाही, गुपचूप नजर खातो. तेव्हा पहिली चाळिशी घेताना डोळे तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदाही.