पूरग्रस्तांसाठी शाहिराची झोळी

आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची झड लागली, की पिंपरी-चिंचवडकरांचे लक्ष दोन गोष्टींकडे लागते : पवना धरण किती भरले आणि मुळशीतून पाणी किती सोडले. विसर्ग वाढला की सांगवी, दापोडी, पिंपरी येथील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते आणि कुटुंबेच्या कुटुंबे शाळांच्या वर्गांतून मुक्कामाला येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे घडले, २०२४ च्या जुलैमध्ये पुन्हा घडले. त्यातही २०१९ चा ऑगस्ट या औद्योगिक पट्ट्याला दुहेरी जाचला. इकडच्या नद्या ओसरतात न ओसरतात तोच कृष्णा, वारणा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरचा मुलूख पाण्याखाली घातला. चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. राज्यातील पूरग्रस्तांसाठी शासनाने केंद्राकडे ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली. भोसरी, आकुर्डी, चाकण येथील कारखान्यांत राबणाऱ्या अनेकांची मूळ घरे त्याच खोऱ्यांत आहेत. त्यामुळे तो पूर दूरचा राहिला नाही.

अशा वेळी मदतफेरी काढायची म्हटले, की संयोजकांना प्रथम आठवतो तो डफ. पेटी घेऊन मुकाट्याने फिरणाऱ्या स्वयंसेवकाकडे दुकानदार एकदा पाहतो आणि पुन्हा गिऱ्हाइकात गुंततो. डफावर थाप पडली, तुणतुणे वाजले आणि शाहिराने आवाज चढविला, की तराजू क्षणभर थांबतो. लोककलावंताजवळ देण्यासारखा पैसा नसतो. त्याचे भांडवल दुसरेच आहे. परक्याचे दुःख शेजाऱ्याच्या बोलीत सांगण्याची त्याची ताकद आणि लोकांचा त्याच्यावरील विश्वास, या दोहोंच्या बळावर तो इतरांच्या खिशातील दान मोकळे करतो.

या परंपरेचा एक मोठा दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी बंगालच्या मेदिनीपूर किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. समुद्राच्या लाटा गावांत घुसल्या. सरकारी गणतीनुसार सुमारे साडेचौदा हजार माणसे दगावली. उभे पीक गेले, गुरे गेली. पुढच्या वर्षी जुलैत दामोदर नदीने बांध फोडला आणि रेल्वेमार्ग तुटला. युद्धकाळातील महागाई, साठेबाजी आणि तत्कालीन सरकारची धोरणे यांची त्यात भर पडून १९४३ चा भीषण दुष्काळ उभा राहिला. त्याच्या बळींची संख्या चौकशी आयोगाने पंधरा लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती तीस लाखांपर्यंत नेली.

त्याच वर्षी २५ मे रोजी मुंबईत मारवाडी विद्यालयाच्या सभागृहात भारतीय जननाट्य संघाची, म्हणजेच ‘इप्टा’ची, स्थापना झाली. बंगालमधून विनय रॉय यांचे गायक-कलावंतांचे पथक देशभर हिंडले. ते गावोगावी गाऊन दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा करीत होते. मराठी मुलखात ही हाक घातली ती अण्णा भाऊ साठे यांनी. वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेला, शाळेची पायरी जेमतेम चढलेला हा तरुण मुंबईच्या कामगार वस्तीत वाढत होता. त्याने ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभारले.

त्या पथकाचे राजकारण सर्वांनाच मान्य होते असे नाही. तथापि, ज्या गिरणी कामगाराने बंगाल कधी पाहिला नव्हता, त्याला तिथली भूक ओळखीची वाटावी, हे काम वर्तमानपत्रांतील आकड्यांना साधले नव्हते. ते पोवाड्याने साधले. गाणे संपल्यावर झोळी फिरवावी आणि श्रोत्यांनी फूल ना फुलाची पाकळी त्यात टाकावी, ही रीत त्या काळच्या चळवळींत रुळली.

या कथेचा उत्तरार्ध मात्र खिन्न करणारा आहे. दूरच्या भुकेल्यांसाठी हाक घालणाऱ्या अण्णा भाऊंची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते निवर्तले. पन्नास वर्षांनी त्यांच्याच वारणेने पूर आणला, तेव्हा मदतीची हाक उलट दिशेने आली होती. निगडीत त्यांचा पुतळा आहे आणि त्यांच्या जयंतीनिमित्त महापालिका प्रबोधन पर्व भरविते. ऑगस्टच्या आरंभी, ऐन पुराच्या दिवसांत, तेथे शाहिरांचे डफ वाजतात.

झोळी फिरविणाऱ्याने हिशेब कसा ठेवावा, याचा वस्तुपाठ याच पट्ट्यात, इंद्रायणीकाठी आळंदीला पाहावयास मिळतो. संत गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना जागे केले आणि त्यांच्या शब्दावर लोकांनी सढळ हाताने दिले. त्या दानातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांच्या स्वतःच्या मालमत्तेत मात्र मडके, खराटा आणि चिंध्यांचे वस्त्र यांपलीकडे काही नव्हते. संस्था त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविल्या. हाक घालणारा निराळा आणि तिजोरी सांभाळणारा निराळा, हे तत्त्व व्यापाऱ्याला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आता लोककलावंताचा स्वतःचा ताळेबंद पाहू. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव येते. तमाशाची ही पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने ती महाराष्ट्रभर ओळखली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा समित्या येऊन सुपारी देतात. चैत्र-वैशाख हा कमाईचा काळ. पाऊस सुरू झाला की कनाती गुंडाळल्या जातात, त्या दसऱ्यापर्यंत. म्हणजे पूर येतो तेव्हा ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या हे सारे रिकाम्या हाताने घरी बसलेले असतात. अनेक फडमालक उसनवारीवर हंगाम उभा करतात आणि हंगामाच्या मिळकतीतून ती फेडतात. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. त्या वर्षीच्या यात्रा गेल्या, पुढच्या वर्षीच्याही गेल्या. देणे तेवढे राहिले. २०२४ मध्ये राज्य शासनाने ज्येष्ठ कलावंतांचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये केले. तो आधार खरा. पण त्यावर घर चालणे कठीण.

या पार्श्वभूमीवर मदत कार्यक्रमांची एक रूढ पद्धत तपासून पाहण्याजोगी आहे. सभागृहाचे भाडे दिले जाते, मंडपवाल्याचे आणि ध्वनिवर्धकवाल्याचे बिल चुकते होते, चहा-नाश्त्याचा खर्च मांडला जातो. शाहिराला मात्र सांगितले जाते, की काम पुण्याचे आहे, बिदागीचे काय घेऊन बसलात! तो नाही म्हणत नाही, कारण पूरग्रस्तांत त्याची माणसे असतात. परंतु ज्याची कमाई वर्षातून दोन-तीन महिन्यांची, त्याने आपली सेवा फुकट दिली, तर त्या सभेतील सर्वांत मोठा दाता तोच ठरतो. फरक इतकाच, की त्याचे नाव फलकावर नसते आणि रक्कम वहीत नसते. जमाखर्च जाणणाऱ्या घरांना ही नोंद सुटल्याचे कळावयास हवे.

उपाय अवघड नाही. एखाद्या व्यापारी कुटुंबाने वा दोन-चार पेढ्यांनी मिळून कलावंतांची बिदागी, प्रवास आणि जेवण यांचा खर्च आपल्या नावे घालावा, म्हणजे झोळीतील प्रत्येक रुपया पूरग्रस्तांपर्यंत अखंड पोहोचेल. झोळीतील रक्कम सर्वांसमक्ष, त्याच रात्री, दोन साक्षीदारांदेखत मोजावी आणि आकडा व्यासपीठावरून जाहीर करावा. कोणत्या गावाला काय दिले, याचा तपशील महिन्याभरात शाहिरालाही कळवावा. कारण शब्द त्याचा खर्ची पडलेला असतो. एखाद्या कलावंताने स्वखुशीने बिदागी परत झोळीत टाकली, तर ती त्याच्या नावानिशी जमा करावी. मागून घेतलेला त्याग आणि आपणहून केलेले दान यांत फार अंतर आहे.

पुराचे दिवस आणि चातुर्मास एकाच ऋतूत येतात. घराघरांतून दानाचा विचार याच काळात होतो आणि कलावंताच्या चुलीला याच काळात ओढ असते. एकाच बिदागीने गाणाऱ्याचे घर चालते आणि त्याच्या गाण्याने बुडालेल्याचे घर उभे राहते. पुढच्या श्रावणात मदतफेरीचा डफ पेढीसमोर येऊन थांबेल, तेव्हा हात झोळीकडे जाण्याआधी एक प्रश्न विचारला जावा : या शाहिराची बिदागी कोणी दिली आहे काय?