न्यूयॉर्क नाही, लास वेगास नाही. अमेरिकेतली बोर्डगेमची सगळ्यात मोठी जत्रा इंडियानापोलिसला का भरते?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिली असेल तर पहिल्याच भागातला तो प्रसंग आठवत असेल. चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसली आहेत, फासे टाकतायत आणि एका काल्पनिक राक्षसाला घाबरून आरडाओरडा करतायत. त्या खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली तो बाजारात आला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळांची एक वेगळी दुनियाच तयार झाली.

या दुनियेतल्या लोकांची दरवर्षी एक जत्रा भरते. तिचं नाव ‘जेन कॉन’. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, गुरुवार ते रविवार असे चार दिवस. २०२४ साली तिथे ७१ हजारांहून जास्त लोक आले होते.

आता एवढी मोठी जत्रा म्हटल्यावर ती न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस नाहीतर लास वेगासला भरत असेल असं कुणालाही वाटेल. पण ती भरते इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस नावाच्या शहरात. कार रेसिंग सोडलं तर आपल्याकडे या शहराचं नाव फारसं कुणी घेत नाही.

मग या शहरात असं काय आहे? आणि अशा संमेलनासाठी ‘चांगलं शहर’ नेमकं ठरवायचं कसं?

सुरुवात झाली ५० डॉलरच्या हॉलपासून

गोष्ट आहे १९६७ ची. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स नावाचे एक गृहस्थ राहायचे. त्यांना युद्धाचे खेळ खेळायचा नाद होता. त्यांनी वीसेक मित्रांना घरी खेळायला बोलावलं.

पुढच्या वर्षी घर पुरणार नाही हे दिसत होतं. म्हणून १९६८ मध्ये त्यांनी गावातला ‘हॉर्टिकल्चरल हॉल’ ५० डॉलर भाड्याने घेतला. साधारण शंभर लोक आले. गावाचं नाव जिनिव्हा, त्यामुळे युद्धाच्या नियमांच्या प्रसिद्ध ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन’वर कोटी करून संमेलनाला ‘जेन कॉन’ हे नाव पडलं.

१९६९ च्या संमेलनात गायगॅक्स यांची डेव्ह आर्नेसन यांच्याशी भेट झाली. पुढे या दोघांनी मिळून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तयार केला. खेळ गाजला, लोक वाढले आणि गावातला हॉल अपुरा पडायला लागला.

१९७८ मध्ये संमेलन केनोशा शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात गेलं. तीही जागा कमी पडली म्हणून १९८५ मध्ये ते मिलवॉकीला आलं. तिथे ते २००२ पर्यंत भरत होतं. ९० च्या दशकात गर्दी २५-३० हजारांच्या घरात गेली आणि मिलवॉकीतला हॉल आणि हॉटेलंही कमी पडू लागली.

२००३ मध्ये मुक्काम हलला तो थेट इंडियानापोलिसला. म्हणजे संमेलनाने प्रत्येक वेळी गाव बदललं ते एकाच कारणाने, जागा पुरेना म्हणून. पण जागा म्हणजे फक्त हॉल नाही. इथेच खरी गोम आहे.

हे प्रदर्शन नाही, हा मुक्काम आहे

एखाद्या मोबाईल कंपनीचं किंवा पुस्तकांचं प्रदर्शन घ्या. लोक येतात, स्टॉल बघतात, खरेदी करतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्याला मोठा हॉल आणि पार्किंग असलं की भागतं.

जेन कॉनला लोक बघायला कमी आणि खेळायला जास्त येतात. रोल-प्लेइंग गेमचा एक डाव चार-चार तास चालतो. त्यासाठी सहा-सात जणांना एक टेबल, खुर्च्या आणि बाजूच्या टेबलावरचा गोंगाट फार येणार नाही अशी जागा लागते. चार दिवसांत असे २० हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. सकाळी सुरू झालेले डाव मध्यरात्रीनंतरही चालू असतात.

त्यात खेळणाऱ्यांचं सामान असतं. बोर्डगेमचे जड खोके, नियमांची पुस्तकं, रंगवलेल्या छोट्या मूर्ती, शिवाय कुणी एखाद्या पात्राचा अवजड पोशाख घालून आलेला असतो. हे सगळं घेऊन रात्री दीड वाजता कुणाला वीस किलोमीटरवरच्या हॉटेलवर जायला सांगणं म्हणजे शिक्षाच.

आणखी एक गोष्ट. धंद्याच्या परिषदांना येणाऱ्या माणसाचं हॉटेलचं बिल बहुतेक वेळा कंपनी भरते. छंदाच्या संमेलनाला येणारा माणूस स्वतःच्या खिशातून खर्च करतो. तो विद्यार्थी असतो, शिक्षक असतो, पोराबाळांना घेऊन आलेला बाप असतो. हॉटेल महाग झालं की तो दुसऱ्या हॉटेलात जात नाही, तो येतच नाही.

त्यामुळे शहर निवडताना पहिला प्रश्न हॉल किती मोठा हा नसतो. झोपायची खोली आणि खेळायचं टेबल यांच्यात किती अंतर आहे, हा असतो.

इंडियानापोलिसकडे होतं काय?

या प्रश्नाचं उत्तर या शहराकडे होतं. शहराच्या मध्यभागी इंडियाना कन्व्हेन्शन सेंटर आहे आणि आजूबाजूची डझनभर हॉटेलं त्याला स्कायवॉकने जोडलेली आहेत. या जोडलेल्या हॉटेलांमध्ये साडेचार हजारांहून जास्त खोल्या आहेत. लिफ्टने खाली या, पुलावरून चालत जा, टेबलावर बसा. रस्त्यावर उतरायचीही गरज नाही. रात्री हॉटेलांचे बँक्वेट हॉलसुद्धा खेळायच्या खोल्या होतात.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. इंडियाना राज्याचं ब्रीदवाक्यच ‘अमेरिकेचा चौरस्ता’ अशा अर्थाचं आहे. अनेक मोठे महामार्ग या शहरात एकत्र येतात. शिकागो, सिनसिनाटी, कोलंबस, लुईव्हिल ही शहरं गाडीने काही तासांवर आहेत. खोके डिकीत टाकून, चार मित्रांनी पेट्रोल वाटून घेऊन यायचं तर याहून सोयीचं ठिकाण मिळणं अवघड. शिवाय जेन कॉनचा जुना प्रेक्षक याच पट्ट्यातला होता. संमेलन हललं तरी त्यांना पोहोचता येत होतं.

तिसरी गोष्ट वाढायला जागा. शहराने जुनं आरसीए डोम स्टेडियम २००८ मध्ये पाडलं आणि त्या जागेवर कन्व्हेन्शन सेंटर वाढवलं. २०११ मध्ये हे काम पूर्ण झालं आणि प्रदर्शनाची जागा ५ लाख ६६ हजार चौरस फुटांवर गेली. त्याच वर्षी शेजारी हजार खोल्यांचं एक नवं हॉटेलही उघडलं. २०१७ मध्ये संमेलनाचा पन्नासावा सोहळा झाला तेव्हा जवळच्या लुकास ऑइल स्टेडियमच्या मैदानावरही टेबलं मांडली गेली.

मग लास वेगास का नाही?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. लास वेगासला दीड लाखाच्या आसपास हॉटेल खोल्या आहेत. हॉलही अवाढव्य आहेत. कागदावर बघितलं तर तेच शहर पहिलं यायला हवं.

पण नुसत्या खोल्या मोजून भागत नाही. लास वेगास अमेरिकेच्या पश्चिमेच्या वाळवंटात आहे. जेन कॉनला गाडीने येणाऱ्या बहुतेकांना तिथे विमानानेच जावं लागेल, म्हणजे तिकीट आलं आणि सामानाच्या वजनाची मर्यादाही आली. ऑगस्टमधलं ऊन वेगळंच. शिवाय तिथलं अर्थकारण कॅसिनोवर उभं आहे. पन्नास डॉलरचा एक खेळ विकत घेऊन रात्रभर तोच खेळत बसणारं गिऱ्हाईक अशा शहराला फारसं भावत नाही.

यात घासाघिशीचाही मुद्दा आहे. फार मोठ्या शहरात ७० हजार माणसं आली काय नि गेली काय, फरक पडत नाही. इंडियानापोलिसला पडतो. जेन कॉनच्या आठवड्यात तिथली हॉटेलं आणि रेस्टॉरंट मेन्यूमधल्या पदार्थांना खेळांची नावं देतात, एक स्थानिक ब्रुअरी खास बिअर काढते, रस्त्यावर फूड ट्रकची रांग लागते. ज्या शहराला तुमची गरज असते, ते शहर तुमचं ऐकून घेतं.

ऐकून घेतं म्हणजे किती?

याची परीक्षा २०१५ मध्ये झाली. इंडियानाच्या विधिमंडळाने धार्मिक स्वातंत्र्याच्या नावाने एक कायदा मंजूर केला. या कायद्याचा आधार घेऊन दुकानदार समलैंगिक ग्राहकांना सेवा नाकारू शकतील, असा आक्षेप घेतला गेला. जेन कॉनला येणाऱ्यांमध्ये समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोक मोठ्या संख्येने असतात.

संमेलनाच्या तेव्हाच्या सीईओ एड्रियन स्वार्टाउट यांनी राज्यपाल माइक पेन्स यांना पत्र लिहिलं. संमेलनामुळे शहराला वर्षाला ५ कोटी डॉलरहून जास्त फायदा होतो, आमच्या लोकांशी भेदभाव होणार असेल तर पुढच्या काळात इथे राहायचं की नाही हे ठरवताना त्याचा विचार करावा लागेल, असा पत्राचा सूर होता. पेन्स यांनी २६ मार्चला कायद्यावर सही केली. देशभरातून टीका झाली, मोठ्या कंपन्यांनी विरोध केला आणि आठवडाभरातच, २ एप्रिलला, कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

ही दुरुस्ती एकट्या जेन कॉनमुळे झाली असं नाही. पण शहर निवडण्याचा आणखी एक निकष त्यातून पुढे आला. आपल्यातल्या प्रत्येकाला त्या शहरात बिनधास्त फिरता येईल का? २०२२ मध्ये राज्याने गर्भपातावर कडक बंधनं आणली तेव्हाही, यामुळे इंडियानात दीर्घकाळ राहणं अवघड होईल, असं आयोजकांनी जाहीरपणे सांगितलं होतं.

तरी जेन कॉन इंडियानापोलिसलाच राहिलं. कारण सोडायचं म्हटलं तरी एवढे हॉल, एवढ्या जोडलेल्या खोल्या आणि त्याच तारखा देणारी शहरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चांगलं शहर मिळालं की संमेलन वाढतं आणि वाढलं की त्याच शहरात अडकतं.

प्रत्येक संमेलनाचं उत्तर वेगळं

म्हणून इंडियानापोलिसचा साचा सगळीकडे चालेल असंही नाही. जर्मनीतल्या एसेन शहरात ‘श्पील’ नावाचा बोर्डगेमचा मेळा भरतो. १९८३ मध्ये एका मासिकाच्या वाचकांच्या मेळाव्यातून तो सुरू झाला. आज तिथे जेन कॉनपेक्षा कितीतरी जास्त, २ लाखांच्या घरात लोक येतात. पण तिथे भर आहे नवे खेळ बघण्यावर आणि विकत घेण्यावर. संध्याकाळी हॉल बंद होतो. दाट वस्तीच्या रूर भागातून, शेजारच्या नेदरलँड्समधून लोक ट्रेनने सकाळी येतात आणि रात्री घरी जातात. तिथे हॉटेलच्या पुलापेक्षा रेल्वे स्टेशन महत्त्वाचं.

इंग्लंडमधला ‘यूके गेम्स एक्स्पो’ लंडनमध्ये भरत नाही, तो बर्मिंगहॅमला भरतो. तिथल्या एनईसी या प्रदर्शन केंद्राच्या अगदी शेजारी रेल्वे स्टेशन आहे आणि विमानतळही.

फिरतं संमेलन हाही एक मार्ग आहे. मराठी माणसाला तो चांगला ठाऊक आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी निमंत्रणं येतात, स्थळ निवड समिती पाहणी करते आणि संमेलन कधी अमळनेरला तर कधी दिल्लीला जातं. यात नव्या गावाला संधी मिळते. पण दरवर्षी मंडपापासून निवासापर्यंत सगळं नव्याने उभं करावं लागतं. ओळीने हजारो टेबलं, वीस हजार डावांचं वेळापत्रक आणि पाठ झालेले कोपरे ज्या संमेलनाला लागतात, त्याला हे दरवर्षी झेपणारं नाही.

आता अडचण कुठे आहे?

इंडियानापोलिसमध्येही आता जागा अपुरी पडतेय. साधा हिशोब करा. स्कायवॉकने जोडलेल्या साडेचार हजारांवर खोल्या, एकेका खोलीत चार जण दाटीवाटीने राहिले तरी साधारण १९ हजार लोक मावतात. येणारे ७१ हजार. त्यामुळे जेन कॉनच्या सवलतीच्या खोल्यांसाठी सोडतीने नंबर लागतात. कुणाला कधी बुकिंगची खिडकी उघडेल हे नशिबावर. नंबर मागे लागला की विमानतळाजवळचं हॉटेल, रोजची गाडी आणि पार्किंगचा खर्च.

यावर उपाय म्हणून कन्व्हेन्शन सेंटर पुन्हा वाढवायचं आणि त्याला जोडून ८०० खोल्यांचं नवं हॉटेल बांधायचं ठरलं. खासगी गुंतवणुकीतून ते जमेना, तेव्हा कर्जरोखे काढून हॉटेल शहरानेच बांधायचं, असा निर्णय २०२३ मध्ये झाला. म्हणजे जत्रा टिकवायची तर जोखीम आता करदात्यांनीही घ्यायची. आठवडाभर गजबजणारं हॉटेल वर्षभर भरलं नाही, तर त्याचा भार शहरावर येणार आहे.

आणि ८०० खोल्या वाढल्या तरी वरच्या हिशोबात आणखी जेमतेम ३,२०० माणसांचीच सोय होते. बाकीच्यांना सोडतीत नंबर कधी लागतो याची वाट बघावीच लागणार.