ही चमकोगिरी कामाची!

चमकायला कुणाला आवडत नाही? पण समुद्रातली एक जेलीफिश चमकली आणि औषध-संशोधनाला चक्क डोळे फुटले. तिच्या कडांना हिरवा उजेड देणाऱ्या प्रथिनाचं नाव ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन. शॉर्टमध्ये जीएफपी.

मी बायोटेकवाली. दिवाळीत गुरुकुंज मोझरीला घरी गेले, तेव्हा लॅपटॉपवर सगळ्यांना फोटो दाखवला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा... जिवंत कृमीच्या नसा! मोठेबाबांनी चष्मा सावरत थेट विचारलं, "मंग याचा दवाखान्यात काय फायदा होते वं?"

प्रश्न रास्त होता. जीएफपी हे औषध नाही, ते पेशंटला टोचतही नाहीत. फंडा वेगळाच आहे. ज्या प्रथिनावर नजर ठेवायची, त्याच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडायचं. मग पेशी स्वतःच दिवा लावते. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा चमकतो आणि पेशी न मारता आतली हालचाल लाइव्ह दिसते. उंदरात कॅन्सर कुठवर पसरला, टीबीच्या जंतूवर नवं औषध चालतं का, हे असंही तपासतात. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांची टीम 'सी. एलेगन्स' या मिलिमीटरभर पारदर्शक कृमीच्या नसांमधली मालवाहतूक पाहते. अल्झायमरसारख्या आजारांत हीच वाहतूक बिघडलेली आढळते.

आता फ्लॅशबॅक. 1961 च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा अमेरिकेत फ्रायडे हार्बरला जेलीफिश गोळा करत होते. थोड्याथोडक्या नाही, सुमारे 10 हजार! डोक्यात एकच किडा, ही चमकते कशी? औषधाचा विचारही नव्हता. 1992 मध्ये डग्लस प्रॅशर यांनी जीएफपीचं जनुक शोधलं, पण पुढच्या कामाला पैसा मिळेना. त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर चेन यांना खुशाल देऊन टाकलं. चाल्फींनी 1994 मध्ये त्यानं कृमीच्या नसा उजळून दाखवल्या, चेन यांनी नवनवे रंग काढले. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि चेन या तिघांना मिळालं. प्रॅशर? ते तेव्हा अलाबामात एका कार डीलरकडे व्हॅन चालवत होते! पुढे 2012 मध्ये चेन यांनीच त्यांना आपल्या लॅबमध्ये घेतलं.

शिमोमुरांना 1961 मध्ये 'फायदा काय?' विचारलं असतं, तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ते यायला 33 वर्षं लागली. तेव्हा आजूबाजूला कुणी 'बिनकामाचं' काही शोधत बसलं असेल, तर लगेच हसू नका. चमकायला वेळ लागतो, बॉस!