वीज आली; पण कशी आली?

ग्रामीण महाराष्ट्रात विजेविषयी एकच प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जात आहे : लाईट आली का? २० जून १९६० रोजी राज्य वीज मंडळ स्थापन झाले तेव्हा हा प्रश्न योग्यच होता. गावोगाव खांब उभे राहावयाचे होते. पुढे २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तारा वाडीवस्तीवर पोहोचल्या, तरी प्रश्न जुनाच राहिला. आलेली वीज कोणत्या प्रतीची आहे हे विचारावयाचे, तर त्यासाठी लागणारी परिभाषा अभियंत्यांच्या इंग्रजी पुस्तकांत बंद आहे. आणि जो तिची किंमत मोजतो त्या शेतकऱ्याला ती कोणी शिकविलेली नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या भीमेच्या काठचे मांडवगण फराटा घ्या. हा उसाचा मुलूख. उसाचे पाणी पंपावर आणि पंप तीन फेजच्या विजेवर अवलंबून. शेतीला वीज मिळते ती साधारणतः आठ तास, कधी दिवसपाळीने तर कधी रात्रपाळीने; आणि ज्या तालुक्यात उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे तेथे रात्रपाळीचा अर्थ निराळा सांगावयास नको. वीज येताक्षणी ऑटोस्विच लावलेल्या साऱ्या मोटारी एकदम उठू पाहतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते, आणि डीपीवरचा दाब खाली बसतो. अर्ध्या आवर्तनापासून एका मिनिटापर्यंत टिकणाऱ्या अशा घसरणीला तंत्रज्ञ 'सॅग' म्हणतात. ती मिनिटापलीकडे गेली की तिचे नाव 'कमी दाब'. हा केवळ शब्दच्छल नव्हे. सॅगचे मूळ एखाद्या घटनेत असते; कमी दाबाचे मूळ बारीक तारेत, लांब वाहिनीत अथवा भार न पेलणाऱ्या रोहित्रात असते. एकावरचा इलाज दुसऱ्यावर चालत नाही.

दाब किती असावा याविषयी कायदा मुका नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी लघुदाब ग्राहकासाठी सहा टक्के कमीअधिक एवढीच सूट दिली होती, आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांतही तीच मर्यादा आहे. म्हणजे ४१५ व्होल्टच्या ठिकाणी ३९० ते ४४०. आता शेवटच्या खांबावर ३४० व्होल्ट मिळाले असे समजू. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो एक-तृतीयांशाने घटतो. मोटार उठतच नाही, किंवा उठली तर घोंघावत, अधिक प्रवाह ओढत चालते. वेटोळे तापते आणि ती 'भरायला' टाकावी लागते. तिन्ही फेजमधील दाब विषम असला तर हेच अधिक वेगाने घडते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ झाले आहे. मोटार भरण्याचे बिल कोणी माफ केलेले नाही. शिवाय फुकट वस्तूच्या प्रतीविषयी तक्रार कोणत्या तोंडाने करावी, असा संकोचही त्या माफीबरोबर घरात आला आहे.

दोष एकट्या कंपनीचा मात्र नाही. 'पॉवर फॅक्टर' अर्थात शक्तिगुणक हा शब्द येथे समजून घ्यावा लागतो. मोटार तारेतून जेवढे ओढते ते सारेच कामी येत नाही; काही भाग तिचे चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी नुसता येजा करतो. पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे ३.७ किलोवॅट ०.७ शक्तिगुणकाने घेतले तर रोहित्रावर ५.३ केव्हीएचा बोजा पडतो, ०.९५ ने घेतले तर ३.९ चा. तारेतील नासाडी जवळजवळ निम्म्यावर येते. हे साधणारा कपॅसिटर काही फार महागाची वस्तू नव्हे. परंतु एकट्याने बसवून लाभ साऱ्या डीपीला होतो, म्हणून तो कोणीच बसवीत नाही. दोनच फेज असताना कंडेन्सर लावून मोटार ओढणारा शेजारी तर सर्वांच्याच दाबाचा लचका तोडतो.

वारंवारतेची चिंता गावाने करू नये. ती ५० हर्ट्झच्या आसपास राखणे हे देशभरच्या एकाच जाळ्याचे काम आहे, आणि जुलै २०१२ च्या अखेरीस ते जाळे कोलमडले तेव्हा निम्मा देश अंधारात गेला होता. संनादी अर्थात हार्मोनिक्स ही नव्या इलेक्ट्रॉनिक साधनांची देणगी. शेतीच्या वाहिनीवर तिचा उपद्रव अद्याप दुय्यम आहे.

खरा प्रश्न मोजणीचा आहे. 'सायफी' आणि 'सायडी' हे दोन निर्देशांक वीज किती वेळा आणि एकूण किती वेळ गेली ते सांगतात. ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांतही त्यांना स्थान आहे. पण ३४० व्होल्टची वीज त्यांच्या लेखी 'आलेली'च असते. दाबाची मोजणीही सरासरीने होते. युरोपातील ईएन ५०१६० या मानकानुसार आठवड्यातील दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्यांपैकी ९५ टक्के दहा टक्क्यांच्या मर्यादेत असल्या की झाले. आठवड्यात अशा १००८ सरासऱ्या; त्यांतील पाच टक्के म्हणजे सुमारे साडेआठ तास. चोवीस तास वीज असणाऱ्या शहरात हे खपून जाईल. ज्याला आठवड्यात ५६ तासच वीज मिळते, त्याच्या वाट्याला नेमके तेच साडेआठ तास आले तर? असले माप उचलून आपल्या शेतीच्या वाहिनीला लावणे अन्यायाचे होईल. येथे टक्केवारी पुरवठ्याच्या तासांवरच काढली पाहिजे, आणि नोंद उपकेंद्रात नव्हे, शेवटच्या खांबावर झाली पाहिजे.

तोवर गावाला थांबण्याचे कारण नाही. बहुतेक पंपांच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर असतात; शाळेत जाणारा मुलगाही ते वाचू शकतो. वीज आल्यावर पाच मिनिटांनी, तासाभराने आणि जाण्यापूर्वी असे तीन आकडे महिनाभर वहीत उतरले, आणि एका डीपीवरच्या दहा जणांच्या वह्या अर्जाला जोडल्या गेल्या, तर 'दाब कमी आहे' या तोंडी तक्रारीला मिळते ते उत्तर देऊन त्या अर्जाची बोळवण करणे कार्यालयाला सोपे जाणार नाही.