पाण्यातली लाख आणि पाणी झटकणारा कट्टा
(लेखमाला : चिकटण्याचे शास्त्र, भाग ७)

फेविकॉलसारखा पांढरा गोंद लाकूड घट्ट धरतो, ते आपण मागच्या भागात पाहिले. तोच गोंद प्लास्टिकच्या डब्याला लावा. वाळल्यावर त्याचा पापुद्रा नखाने सोलून निघेल. लाकूड गोंदातले पाणी पिते, प्लास्टिक पीत नाही, हे खरेच; पण त्याआधीची अडचण मोठी आहे. पाणी प्लास्टिकवर पसरतच नाही.

गोंदियाच्या राइस मिलमधून तांदूळ भरून निघणारा विणीचा कट्टा, म्हणजे पोते, बघा. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला ७२ डाइन, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा जेमतेम ३०. थेंब स्वतःलाच घट्ट धरून बसतो. अशा कट्ट्यावर मिलचे नाव पाण्यातल्या शाईने छापायचे, तर दोन कामे साधावी लागतात : शाईतली, पाण्याशी न जमणारी राळ पाण्यात उतरवायची आणि पाण्याला न जुमानणारे प्लास्टिक राजी करायचे.

पहिल्या कामाची युक्ती गोंदियाच्या पळसांवरच सापडते. लाखेचे किडे पळसाच्या फांद्यांवर जी राळ सोडतात, तिचाच पुढे चपडा होतो. सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवतो. साध्या पाण्यात तो विरघळत नाही. मात्र लाखेच्या रेणूंवर आम्लगट असतात. पाण्यात टाकणखार किंवा अमोनिया घालून गरम केले की या गटांचे क्षार बनतात आणि लाख मुकाट्याने पाण्यात उतरते. यातही निवड आहे. टाकणखार वाळलेल्या थरातच राहतो, म्हणून तो थर ओलाव्याला कच्चा राहतो. अमोनिया उडून जातो, आम्लगट मूळ रूपात येतात आणि थर पुन्हा पाण्याला दाद देत नाही. गेल्या शतकात फ्लेक्सो, म्हणजे लवचीक ठशांच्या, छपाईच्या पाण्यातल्या शाईत लाख वापरली जाई, ती याच गुणामुळे. पुढे तिची जागा अ‍ॅक्रिलिक राळांनी घेतली. राळ बदलली, अमोनियाची युक्ती तीच राहिली. आधुनिक रसायनशास्त्राच्या खात्यावर जमा असलेली ही करामत एका किड्याच्या राळेवर आधीच चालत होती, याची मला गंमत वाटते.

दुसरे काम विजेचे. छपाईआधी प्लास्टिकवरून उच्च दाबाची कोरोना ठिणगी फिरवतात. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाच्या रेणूंना जोडला जातो आणि पृष्ठऊर्जा ४० डाइनच्या आसपास पोचते. शाईचा पृष्ठताणही थोडे अल्कोहोल किंवा ओलावक घालून खाली आणतात. दोन्ही बाजूंनी अंतर कमी झाले की थेंब पसरतो. पण हा संस्कार टिकाऊ नाही. गोदामात पडून राहिलेल्या मालाची पृष्ठऊर्जा घटत जाते. प्लास्टिकमध्ये मिसळलेली घसरण-द्रव्येही हळूहळू वर येतात. म्हणून जुन्या मालाची डाइन पेनने, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाची शाई भरलेल्या पेनने, रेघ ओढून तपासणी करावी. रेघ अखंड राहिली तर ठीक. तिचे थेंब झाले तर ठिणगी पुन्हा द्यावी लागते. छपाई झाल्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढायची. शाई पट्टीबरोबर आली, तर ती नुसती वाळली होती, धरली नव्हती.

उरते वाळवण. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला ८४० च्या आसपास. त्यात श्रावणातली दमट हवा पाणी लवकर सोडू देत नाही. पाण्यातल्या शाईला आगीचा धोका कमी आणि डोके धरणारा वासही कमी, पण गरम हवेचा झोत आणि यंत्राची मंद गती यांची किंमत छापखान्याला मोजावी लागते.

पुढील भागात : दोन प्लास्टिक पापुद्रे एकमेकांना चिकटवणारे पॉलियुरेथेन.